शनिवारच्या बाजारातली चुरमुऱ्याचं पाल

बेळगावात शनिवारच्या बाजाराला गेलात तर चुरमुरे पाकिटातले घेऊ नका. भाजीवाल्यांची ओळ संपते तिथं एक मावशी ताडपत्रीवर बसतात. काटा त्यांच्याकडं आहे, पण तो फुटाण्या-शेंगदाण्यांना. चुरमुरे शेरानंच, म्हणजे पत्र्याच्या मापानं. दहा रुपयाला शेर, काठाच्या वर रास म्हणजे शीग, आणि पिशवीला गाठ मारायच्या आधी न मागता एक मूठ.

मी आधी शेर बघतो, मग माल. पत्रा जुना, पण पोचा कुठंच नाही, तळ सपाट. तळ आत ठोकलेल्या शेरानं एका दुकानदारानं आम्हाला बरीच वर्षं उडीद घातले, म्हणून ही खोड. मावशी भरतातही हलक्या हातानं, पण शीग ढळू देत नाहीत. मोजताना पहिल्या शेराला ‘एक’ऐवजी ‘लाभ’ म्हणतात, मग दोन, तीन. आमच्या येळ्ळूरला खळ्यावर भात असाच मोजायचे. दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. कापणीची मजुरीसुद्धा पायलीनं भातातच मिळायची.

१९५८ पासून किलो-ग्रॅमची वजनं आली. त्याआधीचा वजनाचा शेर ८० तोळ्यांचा, म्हणजे ९३३ ग्रॅम. मापाच्या शेराचं तसं नाही, आत काय भरलंय त्यावर सगळं. तांदूळ किलोच्या आसपास बसतो, हे चुरमुरे घरच्या काट्यावर शंभरेक ग्रॅम भरले. कायदा आता मेट्रिकच मानतो, ते ठीक आहे. पण पावसाळ्यात सादळलेले चुरमुरे काट्यावर घेतले की पाण्याचेही पैसे जातात, मापात तेवढे तरी वाचतात. मिरची मात्र कुणी मापानं देऊ लागला तर सरळ पुढं चला. निम्मी हवाच असते.

तक्रार एकच, वाळू. चुरमुरे भाजायची भट्टीतली वाळू पोत्याच्या तळाशी बसते नि दुपारनंतर तोच माल मापात येतो. मी बोललो तर म्हणाल्या, “चाळून घ्या की ओ मामा, शेर जास्तच घातलाय.” जास्त होता खरा, पण दाताखाली कचकच आली ती आलीच.

भडंगाला जाड चुरमुरे हवेत असं आधी सांगा, ते त्या मागच्या पोत्यात ठेवतात. फोनपे चालतं. जायचं तर सकाळी अकराच्या आत.