फाइव्ह-जीच्या खोक्यात जुने फोर-जी : ११,३०० रुपयांना फसलो, तुम्ही फसू नका

आमच्या गल्लीत फायबरची केबल आलेली नाही, म्हणून सिमकार्डावर चालणारा वायरलेस मोडेम घेण्याचे ठरवले. कोल्हापुरातील एका दुकानाने ‘फाइव्ह-जी आहे, कोणतेही सिम चालेल’ असे सांगून चार अँटेनांचे यंत्र ९,८५० रुपयांना दिले आणि घरी येऊन बसवण्याचे १,४५० रुपये वेगळे घेतले. वेग मात्र १५ एमबीपीएसच्या वर कधी गेला नाही. तेच सिम त्याच खोलीत मुलीच्या फोनमध्ये घातले, तर १८० मिळत होते. दुकानदार दर वेळी टॉवरला दोष देत राहिला आणि ‘काका, सील तोडू नका, वॉरंटी जाईल’ असे बजावत राहिला.

मी गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीत कंट्रोल पॅनेलचे काम करतो, त्यामुळे अखेर यंत्र उघडलेच. रबरी पायांखालचे स्क्रू काढून झाकण उचलले, तेव्हा एवढ्या मोठ्या डब्यात डोंगलच्या आकाराची सर्किटची एकच पट्टी दिसली आणि शेजारी वजन भरण्यासाठी चिकटवलेला लोखंडी तुकडा. चारपैकी दोन अँटेनांच्या तारा कुठेच जोडलेल्या नव्हत्या. त्यांची टोके गोंदाने नुसती प्लास्टिकला बसवली होती. ३,३०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातील फाइव्ह-जी लहरी घेणाऱ्या यंत्राला साधारणपणे चार अँटेना खरोखरच लागतात, म्हणून तर देखाव्यालाही चारच लावल्या होत्या. पट्टीवरचे पत्र्याचे कवच काढल्यावर चिपचा क्रमांक स्पष्ट वाचता आला : एमएसएम ८९१६, म्हणजे २०१४ च्या सुमारास स्वस्त मोबाइलमध्ये येऊ लागलेली फोर-जी चिप. तिची कागदावरची कमाल मर्यादाच १५० एमबीपीएस आहे, आणि फाइव्ह-जीशी तिचा काडीमात्र संबंध नाही.

सर्वांत संताप आला तो हिरव्या ‘५जी’ दिव्याचा माग काढल्यावर. तो एका रेझिस्टरमधून थेट पाच व्होल्टच्या वीजपुरवठ्याला जोडलेला होता, म्हणजे पिन लावली की तो पेटणारच. दुकानातही तो तसाच पेटला होता, सिम अजून माझ्या हातात असताना! नेटवर्कच नसताना नेटवर्कचा दिवा कसा लागतो, हा प्रश्न त्याच क्षणी विचारायला हवा होता, आणि तो क्षण अजून मनातून जात नाही. पण काउंटरवर गर्दी होती, विक्रेता बोलायचा थांबत नव्हता, आणि बंद डब्याचे झाकण उघडून पाहण्याची मुभा कोणत्या ग्राहकाला मिळते? पॅनेलचे काम करणारा माणूस फसलाच कसा, असे विचारणाऱ्यांनी याचे उत्तर द्यावे. तुम्ही मात्र सिम न घालता यंत्र सुरू करायला लावा, आणि ‘५जी’चा दिवा लागला तर तिथूनच परत फिरा.

तळाशी लिहिलेला पंधरा अंकी आयएमईआय, म्हणजे सिमवर चालणाऱ्या प्रत्येक यंत्राचा स्वतंत्र ओळख क्रमांक, इंग्रजी ‘केवायएम’ या अक्षरांपुढे लिहून दूरसंचार विभागाच्या १४४२२ या क्रमांकावर पाठवला, तर तो एका साध्या मोबाइल फोनचा निघाला. हा एसएमएस पैसे देण्यापूर्वी पाठवायचा असतो. आयएमईआयमध्ये फेरफार केल्यास २०२३ च्या दूरसंचार कायद्यानुसार तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, असे मी पोलीस ठाण्यात सांगितले. तेथील अंमलदारांनी ‘हा दिवाणी वाद आहे, ग्राहक मंचात जा’ म्हणून अर्ज परत केला. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला, तर पैसे ऑनलाइन गेलेले नाहीत म्हणून प्रकरण त्यांचे नाही. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनने तक्रार नोंदवली, पण बिलावर जीएसटी क्रमांक आणि मॉडेल मागितले. बिलावर तर ‘राउटर १ नग’ एवढेच लिहिलेले. बनावट आयएमईआयचे यंत्र पुराव्यासह समोर ठेवले असताना एकाही अधिकाऱ्याने ते हातात घेऊन पाहिले नाही, कोणत्या दुकानातून आणले हेही विचारले नाही, आणि तो माल आजही तिथे विकला जात आहे. नागरिकाने पुरावा स्वतः खोलून, फोटो काढून आणून द्यायचा आणि तरीही त्याच्या अर्जाची पोच मिळू नये, हे कोणत्या कायद्यात बसते?

बिलावर मॉडेल आणि आयएमईआय लिहून घेतल्याशिवाय पैसे देऊ नका, दुकानदार कितीही ओळखीचा असो. यंत्र उघडणार असाल तर सील तोडण्याआधीपासून व्हिडिओ सुरू ठेवा; मी तो ठेवला होता, म्हणूनच ‘तुम्हीच आतले सामान बदलले’ हा दुकानदाराचा आरोप टिकला नाही. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला जिल्हा ग्राहक आयोगात शुल्क लागत नाही, त्यामुळे मी तिथे ११,३०० रुपये आणि झालेला खर्च मागणारी तक्रार दाखल केली असून पट्टी, सुट्या अँटेना आणि तो लोखंडी तुकडा पुरावा म्हणून जोडला आहे.