स्नॅपची ‘रिदम इज अ डान्सर’: घ्यायची तर बारा इंचीच घ्या

स्नॅप या नाचगाण्यांच्या गटाचं हे गाणं नुसतं नाव टाकून शोधलंत तर हाताला काय लागेल याचा नेम नाही. १९९२ ची मूळ सिंगल (एकट्या गाण्याची तबकडी) आहे, तिच्यासोबत निघालेले वेगवेगळे मिक्स (त्याच गाण्याच्या वेगळ्या बांधण्या) आहेत, १९९६ चं रिमिक्स आहे, २००३ मध्ये सी. जे. स्टोनने केलेलं आहे. शिवाय भलत्यांनीच गाऊन मूळ नावाखाली चढवलेल्या नकला आहेतच. इथे बोलायचंय ते १९९२ च्या मूळ सिंगलबद्दल. बाकीच्यांचं शेवटी.

माल फ्रँकफर्टचा. मिखाएल म्युन्त्सिंग आणि लुका अँझिलोटी हे दोघे निर्माते. पण वेष्टनावर ही नावं शोधू नका. तिथे ‘बेनिटो बेनिटेस’ आणि ‘जॉन व्हर्गो गॅरेट तिसरा’ अशी अमेरिकी थाटाची टोपणनावं छापलेली असतात. गायिका थीया ऑस्टिन, रॅप टर्बो बी चा. याच जोडगोळीने १९९० मध्ये ‘द पॉवर’ काढलं तेव्हा आवाज एकीचा आणि व्हिडिओत चेहरा दुसरीचा, असा प्रकार झाला होता. युरोडान्समध्ये, म्हणजे युरोपी क्लबातल्या नाचगाण्यांत, हा रोग जुनाच. इथे तसं नाही. जी गाते तीच दिसते, आणि गीतकारांतही तिचं नाव आहे.

‘द मॅडमन्स रिटर्न’ या अल्बममधून आधी बाहेर काढलं होतं ते ‘कलर ऑफ लव्ह’. ब्रिटनमध्ये ते पहिल्या चाळिसातही पोचलं नाही. मग ही सिंगल आली. जर्मनीत १० आठवडे आणि ब्रिटनमध्ये १९९२ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात ६ आठवडे ती पहिल्या क्रमांकावर होती. अमेरिकेत चढायला वेळ लागला, १९९३ च्या सुरुवातीला ती पाचव्यावर पोचली. तिकडच्या रेडिओवर तेव्हा युरोपी नाचगाण्यांना फारशी जागा नव्हती, हे लक्षात घेतलं तर पाचवा क्रमांकही लहान नाही.

आता ऐकण्याकडे येऊ. वेग मिनिटाला १२४ ठोके. म्हणजे एक ठोका साधारण ०.४८ सेकंदांचा, चार ठोक्यांचा एक बार जेमतेम दोन सेकंदांचा. पट्टी ए मायनर. घरी पेटी असेल तर पांढरी सहाला सा धरा. काळ्या पट्ट्यांना हात न लावता मुख्य चाल वाजते. ग, ध, नि कोमल, म्हणजे आसावरी थाटाचेच सूर. (थाट म्हटलंय, राग नव्हे. कुणी भांडायला येऊ नये.) नाचाच्या गाण्यात जी एक उदास कड जाणवते ती या कोमल सुरांमुळे.

ठेका मात्र आपल्या कानाला चमत्कारिक वाटतो. केरव्यात टाळी आणि खाली असते, वजन खालीवर होतं. इथे खाली नाहीच. चारही ठोक्यांवर किक (मोठ्या ड्रमचा ठोका) सारख्याच जोराने पडते आणि दोन ठोक्यांच्या मधल्या जागेत हाय-हॅट (झांजांची जोडी) वाजते. पायाला ओढ लागते ती किकमुळे नव्हे, त्या मधल्या हाय-हॅटमुळे. स्वस्त स्पीकरवर नेमकी तीच बुजते आणि उरतो नुसता धबधबा.

मुख्य सिंथची (सिंथेसायझरची) चाल यांची स्वतःची नाही. न्यूक्लियस या अमेरिकी इलेक्ट्रो गटाच्या १९८४ मधल्या ‘ऑटोमॅन’वरून ती घेतलेली आहे. दोन्ही पाठोपाठ ऐका, लगेच कळतं. पण फ्रँकफर्टच्या दोघांनी तिच्याभोवती मोकळी जागा ठेवली. सुरुवातीला दणका नाही, लांबवर पसरलेले सूर आहेत. थीया ऑस्टिन ओरडत नाही, सरळ ताणून गाते. पुढच्याच वर्षी टू अनलिमिटेड या गटाचं ‘नो लिमिट’ आलं. त्यात पहिल्या सेकंदापासून हातोडा चालतो, तो काही वेळाने नकोसा होतो. ही सिंगल तीस वर्षांनंतरही तशी अंगावर येत नाही.

खटकतो तो रॅप. त्यातल्या एका ओळीत गायक आपलं म्हणणं कर्करोगाइतकं गंभीर असल्याचं सांगतो, कारण इंग्रजीत तो शब्द ‘डान्सर’शी यमक जुळवतो. यापलीकडे त्या उपमेला काही कारण नाही. सर्वांत वाईट गीतपंक्तींच्या याद्यांमध्ये ही ओळ वर्षानुवर्षं हजेरी लावते, आणि तिथे ती शोभतेच. तरी खपावर परिणाम शून्य. गाणं त्या ओळीवर उभंच नाही, ते सिंथची चाल आणि ध्रुवपद यांवर उभं आहे. तोंडात राहतं तेही ध्रुवपदच. रॅपबद्दल इतरांनाही शंका असायची, बरं का. ‘नो लिमिट’च्या ब्रिटिश आवृत्तीतून तर रॅप जवळजवळ सगळा कापून टाकला होता.

पण साचा पक्का झाला तो इथेच: बाईचं ध्रुवपद, पुरुषाचा रॅप, मायनरमधली सिंथची चाल. फ्रँकफर्टच्याच कल्चर बीटने १९९३ मध्ये ‘मिस्टर व्हेन’मध्ये हाच साचा वेग वाढवून वापरला. टर्बो बी लवकरच गटातून गेला, आणि स्नॅपच्याच ‘एक्स्टर्मिनेट’ या गाण्यात गायिका निकी हॅरिसचा आवाज आला.

गाणी लावणाऱ्यांसाठी, म्हणजे डीजेंसाठी, थोडं सविस्तर. ‘मिस्टर व्हेन’नंतरची बरीच गाणी १२८ च्या आसपास किंवा त्याहून वेगवान असतात. या सिंगलला १२८ ला न्यायचं तर पिच (वाजण्याचा वेग) ३.२ टक्के वर करावं लागतं. की-लॉक (वेग बदलला तरी सूर जागेवर ठेवणारी सोय) बंद असेल तर सूर सुमारे अर्ध्या सेमीटोनने (पेटीवरच्या लगतच्या दोन पट्ट्यांतल्या अंतराच्या निम्म्याने) चढतो, आणि शेजारचं गाणं ए मायनरमध्ये असलं तरी दोन्ही एकत्र वाजताना बेसूर लागतात. की-लॉक चालू ठेवा, नाहीतर दोन गाणी फक्त ड्रमच्या भागात एकमेकांत मिसळा. कॅमेलॉट पद्धतीने (गाण्यांच्या पट्ट्यांना आकडा-अक्षर देणाऱ्या डीजेंच्या पद्धतीने) लेबल लावत असाल तर ८ए. ३२ बार मोजले तर साधारण ६२ सेकंद होतात. पुढचं गाणं तयार करायला तेवढा वेळ पुरतो.

दुसरी नेहमीची चूक आवाजाची. सुरुवातीच्या पसरट सुरांत खालचा बेस कमी असतो, म्हणून हॉलमध्ये ‘आवाज लहान येतोय’ असं वाटतं आणि गेन (मिक्सरवर आत येणाऱ्या आवाजाची पातळी) वाढवला जातो. मग किक आत येते, मिक्सरचे लाल दिवे पेटतात, अँप क्लिप होतो (आवाज फाटतो), आणि नशीब वाईट असेल तर ट्विटर (स्पीकरचा बारीक आवाजाचा भाग) जातो. पातळी नेहमी किक चालू असलेल्या भागावर लावा, सुरुवात हळू वाटली तरी वाटू द्या.

आता कोणती घ्यायची. सात इंची तबकडी किंवा रेडिओ आवृत्ती पावणेचार मिनिटांच्या आसपास, बारा इंची तबकडीवरचा मिक्स पाच मिनिटांच्या वर. बारा इंचीवर चर रुंद कापता येतात, म्हणून बेस भरीव येतो, आणि गाण्याला श्वास घ्यायला जागा मिळते. सात इंचीवर मध्याजवळ जाताना सुई घसपटते, ‘स’चे उच्चार फाटतात. ध्रुवपदात ‘स’ भरपूर आहेत, त्यामुळे जुन्या प्रतींवर हा दोष लगेच उघडा पडतो. विकत घेण्याआधी शेवटचा मिनिटभर ऐकून बघा, पहिला नव्हे. रेकॉर्ड प्लेअर नसेल तर जर्मन मॅक्सी सीडी (एकाच गाण्याचे अनेक मिक्स असलेली) उत्तम. लेबल लॉजिक आणि वितरण बीएमजी-आरिओला असं असलं पाहिजे. तिच्यावर ‘पर्पल हेझ्ड’ मिक्सही मिळतो, तो रात्री उशिरा लावायचा.

स्ट्रीमिंगवर घेणाऱ्यांनी आधी लांबी बघावी, मग कलाकाराचं नाव. ‘ट्रिब्यूट’, ‘इन द स्टाइल ऑफ’ असलं काही शेजारी दिसलं की ते सोडून पुढे जा. नंतरच्या नव्वदी-संकलनांतले ट्रॅक बरेचदा इतके दाबून मोठे केलेले असतात की सुरुवात आणि किक एकाच उंचीवर येतात. मग गाण्यातला मुख्य चढच नाहीसा होतो.

२००८ मध्ये ब्रिटनमध्ये ड्रेंच या बाटलीबंद पाण्याच्या जाहिरातीत ‘थंडरबर्ड्स’ या बाहुल्यांच्या टीव्ही मालिकेतला ब्रेन्स हा बाहुला या गाण्यावर नाचला आणि सिंगल पुन्हा पहिल्या चाळिसात आली, तीही जुन्या रूपात. १९९६ आणि २००३ ची रिमिक्सं आपापल्या काळाच्या क्लबसाठी केलेली आहेत, मोकळी जागा त्यांत भरून काढलीय. गाडीत चालतील, पैसे मोजून घेण्याजोगी नाहीत.