सीएलएल आणि नागीण: लस घ्यावी की रोजची गोळी?

सीएलएल, म्हणजे संथपणे वाढणारा रक्ताचा कर्करोग, निघाला की घरात सगळ्यांचं लक्ष पांढऱ्या पेशींच्या आकड्याकडे लागतं. प्रत्यक्षात पेशंटला जेरीस आणतात ती इन्फेक्शन्स, आणि त्यात नागिणीचा त्रास मोठा. कमरेच्या किंवा छातीच्या एकाच बाजूला आग होते, दोन-तीन दिवसांत तिथेच पाणीदार फोडांचा पट्टा उठतो. फोड सुकले तरी ठणका महिनोन्‌महिने राहू शकतो. सदऱ्याचं कापड घासलं तरी सहन होत नाही.

नागिणीचा विषाणू बाहेरून येत नाही. लहानपणी कांजिण्या देऊन गेलेला तोच विषाणू मणक्यालगतच्या मज्जातंतूंच्या गाठींमध्ये दडून असतो. त्याला दाबून ठेवण्याचं मुख्य काम टी पेशींचं, म्हणजे विषाणूंशी लढणाऱ्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींचं. सीएलएलमध्ये बिघडलेल्या बी पेशींची (अँटिबॉडी बनवण्याचं काम ज्यांचं, त्या पांढऱ्या पेशींची) गर्दी होते, कामाच्या अँटिबॉडी कमी पडतात, आणि टी पेशी संख्येने भरपूर दिसल्या तरी थकलेल्या असतात. म्हणून तपासणीत पांढऱ्या पेशी लाखावर आहेत म्हणजे प्रतिकारशक्ती दांडगी, असा अर्थ कुणी काढू नये.

आता पर्याय. असायक्लोव्हिरची गोळी थेट विषाणूची वाढ रोखते. तिला तुमच्या पेशींची साथ लागत नाही, ही तिची मोठी जमेची बाजू. स्वस्त आहे, कोल्हापुरात काय, गडहिंग्लज-कागलच्या मेडिकलमध्येही मिळते. पण गोळी बंद झाली की संरक्षणही संपलं. पाणी भरपूर प्यावं लागतं, किडनी कमजोर असेल तर डोस कमी करावा लागतो, आणि वर्षानुवर्षं न चुकता घेणं जमतंच असं नाही.

लसीचं उलट आहे, तिला तुमच्याच पेशींची साथ लागते. शिंग्रिक्स ही लस भारतात २०२३ पासून मिळते. त्यात जिवंत विषाणू नाही, त्याच्या कवचातलं एक प्रथिन आणि पेशींना जागं करणारं द्रव्य आहे, म्हणून ती ल्युकेमियात, म्हणजे सीएलएलसारख्या रक्ताच्या कर्करोगात, चालते. (नागिणीची जुनी जिवंत लस मात्र ल्युकेमियात वर्ज्य, अमेरिकेत तर ती २०२० मध्ये बंदच झाली.) डोस दोन, प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांना दुसरा एक ते दोन महिन्यांनी देतात. खर्च पाच आकड्यांत जातो. शिवाय दंड दुखतो, एक-दोन दिवस अंग मोडून येतं, कणकण येते. सीएलएलमध्ये कुठलाही ताप अंगावर काढायचा नसतो, त्यामुळे तेव्हाही डॉक्टरांना कळवाच.

लस कितपत लागू पडेल? पन्नाशीपुढच्या धडधाकट लोकांत तिने ९७.२ टक्के बचाव दाखवला. तो आकडा सीएलएलच्या पेशंटने स्वतःला लावू नये. त्यापेक्षा अमेरिकेत सीएलएलच्याच पेशंटवर झालेला, ‘ब्लड’ या नियतकालिकात २०२१ मध्ये आलेला अभ्यास कामाचा आहे. उपचार सुरू न झालेल्यांपैकी ५९.१ टक्के लोकांत नागिणीच्या लसीने अँटिबॉडी वाढल्या, सीएलएलवरच्या इब्रुटिनिबसारख्या गोळ्या चालू असलेल्यांत ४१.५ टक्के. पेशंट थोडे होते, म्हणून हा फरक ठाम धरता येत नाही. त्याच अभ्यासात हेपटायटिस बीच्या लसीला मात्र इब्रुटिनिबच्या गटात जेमतेम ३.८ टक्के लोकांनी प्रतिसाद दिला, बिनउपचार गटात २८.१. नागिणीचा विषाणू शरीराच्या जुन्या ओळखीचा, त्याची आठवण चाळवली की पुरतं. अनोळखी विषाणूशी नव्याने लढायला शिकणं या आजारात फार अवघड जातं. मला यात मोठा दिलासा वाटतो.

म्हणून माझं मत असं. डॉक्टरांनी ‘अजून उपचार नकोत, फक्त लक्ष ठेवू’ असं सांगितलं असेल, तर लस याच काळात घ्या, पैशाची ओढाताण करावी लागली तरी. पुढे रिटुक्सिमॅब हे सीएलएलवरचं औषध सुरू झालं की बी पेशी जातात आणि निदान सहा महिने अँटिबॉडी नीट तयार होत नाहीत. उपचार तोंडावर आले असतील, तर पहिला डोस निदान दोन आठवडे आधी बसतो का ते विचारा, आणि उपचारांच्या काळात असायक्लोव्हिरची गोळी लागेल का तेही. त्या काळात गोळीच भरवशाची. इब्रुटिनिब चालू असेल तरी लस वाया गेली असं समजू नका. गोळी की लस हा वाद बऱ्याच पेशंटच्या बाबतीत उरतच नाही. दोन्ही आपापल्या वेळी लागतात.

दुसरा डोस रक्ततपासणीच्या फेरीतच बसवा, म्हणजे चंदगड-आजऱ्याहून येणाऱ्यांचा एक हेलपाटा वाचतो. नातवंडांची कांजिण्यांची लस थांबवू नका. लसीनंतर बाळाच्या अंगावर पुरळ उठलं तरच तेवढे दिवस लांब राहा.

आणि लस घेऊनही फोड उठले तर काव लावत बसू नका. ‘फोडांचा अंगाभोवती वेढा पुरा झाला की माणूस दगावतो’ या भीतीला आधार नाही, पण ७२ तासांच्या आत विषाणूविरोधी औषध सुरू होणं याला फार महत्त्व आहे. फोड डोळ्याजवळ असतील किंवा अंगभर पसरत असतील, तर रात्र असली तरी सरळ हॉस्पिटल गाठा आणि सीएलएल असल्याचं दारातच सांगा.