व्हिएतनाम, थायलंड की श्रीलंका: गोव्यातून खिसा सांभाळून जायचं तर

पहिल्यांदाच परदेशात जायचंय, बजेट बेताचं, आणि शेवटी ह्या तीन नावांवर येऊन गाडी अडते, असं पेडण्यापासून काणकोणापर्यंत बऱ्याच जणांचं होतं. रील बघून ठरवायचं तर तिन्ही देश सारखेच स्वस्त दिसतात. माझं मत आधीच सांगून टाकतो: रजा पाच-सहा दिवसांचीच असेल तर श्रीलंका, दहा-बारा दिवस मिळत असतील तर व्हिएतनाम, आणि थायलंड ह्या दोघांच्या मधलं, तिथं पैसे वाचवणंही सोपं आणि उडवणं त्याहून सोपं.

दिवसांवर एवढा जोर का, तर आपण गोव्यातून निघतो म्हणून. मोपा असो की दाबोळी, थेट परदेशी विमानं थोडी आणि त्यातली बरीचशी आखाताकडची, म्हणजे मुंबई नाहीतर बेंगळुरू आधी गाठावंच लागतं. मुंबई-बँकॉकचं तिकीट स्वस्त दिसलं की लोक लगेच बुक करून मोकळे होतात, पण त्यात थिवी नाहीतर मडगावपासून कोकणकन्येचं तिकीट मिळवा, ती पहाटे ठाण्याला उतरवणार तिथून विमानतळापर्यंतची टॅक्सी मिळवा, आणि पावसाळी टाइमटेबल चालू असेल तर गाडीचा भरवसा नाही म्हणून आदल्या दिवशीच पोचून एका रात्रीची खोली, हे सगळं येता-जाता दोन्ही वेळा. गोवा-मुंबई विमान वेगळ्या तिकिटावर काढलंत आणि ते लेट झालं तर पुढची परदेशी एअरलाइन तुमच्यासाठी थांबत नाही, पैसेही सहसा परत मिळत नाहीत. हा खर्च तिन्ही देशांना जवळपास सारखाच लागतो, फक्त तो पाच दिवसांवर वाटायचा की बारा, एवढाच फरक.

श्रीलंका इथंच पुढं जाते. बेंगळुरूहून कोलंबो दीड तासाच्या आसपास, रात्रीच्या बसनं बेंगळुरूला जाऊन दुपारी तिकडं पोचता येतं. कातुनायकेच्या विमानतळावरून १८७ नंबरची बस कोलंबो फोर्टला जाते, आणि फोर्टहून गॉलकडं जाणारी रेल्वे जवळजवळ समुद्राच्या कडेकडेनं धावते, दुसऱ्या-तिसऱ्या वर्गाचं तिकीट अगदी किरकोळ. महाग पडतात ती प्रेक्षणीय ठिकाणं, सिगिरियासारख्या जागी परदेशी माणसाचं तिकीट डॉलरमध्ये असतं, पण सार्क देशांच्या नागरिकांना, म्हणजे आपल्यालाही, ते निम्म्याच्या आसपास बसतं. त्यासाठी खिडकीवर पासपोर्ट दाखवावा लागतो, झेरॉक्सवर अडून बसू नका. ईटीए, म्हणजे देशात शिरायची परवानगी, मात्र आधीच ऑनलाइन काढावा लागतो आणि त्याचे नियम, फी सारखी बदलत असते, म्हणून सरकारी साइटच बघा.

खाण्याचंही तिथं आपलंच. नारळ, तांबडा तांदूळ, इडिअप्पम म्हणजे शेवयांसारखं, आणि आंबुल थियाल नावाचं ट्यूनाचं सुकं, त्यात गोरका घालतात, ते आपल्या आमसुलाच्याच जातकुळीतलं. रस्त्याकडेच्या खानावळीत भात आणि चार-पाच भाज्या-आमट्या घेतल्या की पोट भरतं. हुमण-भातावर, म्हणजे माशाच्या आमटी-भातावर, वाढलेल्या माणसाला पहिल्याच दिवशी घरच्यासारखं वाटेल, म्हणजे भारतीय रेस्टॉरंट शोधत फिरायचा खर्च वाचला.

व्हिएतनामला व्हिसा लागतो, ई-व्हिसा २५ डॉलर, एकदा आत जायचा, जास्तीत जास्त ९० दिवसांचा. ह्याच्याच नावाखाली दुप्पट-तिप्पट पैसे घेणाऱ्या खाजगी साइट सर्चमध्ये वर येतात, तेवढं सांभाळा. विमान लांबचं, तिकीट जास्त, पण एकदा पोचलात की रोजचा खर्च तिन्हींत सगळ्यात कमी इथंच. एका रुपयाला साधारण तीनशे डाँग धरा. फोचा, म्हणजे नूडल्सच्या सुपाचा, वाडगा चाळीस-साठ हजार डाँगला, बान्ह मी वीस-तीस हजाराला, म्हणजे शंभरच्या आतबाहेर एक भरलेला पाव, पणजीत आज एवढ्यात काय मिळतं तुम्हीच बघा. हनोईच्या विमानतळावरून ८६ नंबरची बस ४५ हजार डाँगमध्ये गावात सोडते. ग्रॅब ह्या टॅक्सीच्या ॲपवर गाडीऐवजी मोटरसायकल मागवायची, आपल्या पायलटच्या, म्हणजे भाड्याच्या मोटरसायकलवर बसतो तसंच पाठीमागं बसायचं, फक्त भाडं आधीच स्क्रीनवर दिसतं आणि घासाघीस नाही. शाकाहारी असाल तर 'चाय' लिहिलेली दुकानं बघा, बाकी ठिकाणी माशाचा सॉस कशातही असू शकतो.

पण देश लांबुळका आहे. हनोई ते हो ची मिन्ह रेल्वेनं १७२६ किलोमीटर, पाच दिवसांत दोन्ही टोकं करायला गेलात तर मधलं विमान आलंच आणि वाचवलेले पैसे तिथंच गेले. रात्रीची स्लीपर बस पकडायची, एका रात्रीची खोली वाचते, हे सगळं बारा दिवसांच्या ट्रिपलाच परवडतं. आणि नोटा जपून, वीस हजाराची आणि पाच लाखांची दोन्ही निळसर, संध्याकाळच्या उजेडात फळवालीला सत्तर रुपयांऐवजी सतराशे देऊन बसाल. पाच लाखांच्या नोटा पाकिटात वेगळ्या कप्प्यात ठेवा.

थायलंडनं २०२४च्या जुलैत भारतीयांना ६० दिवस व्हिसाशिवाय येऊ द्यायला सुरुवात केली, तेव्हापासून गर्दी तिकडंच. हा नियम बदललेला असू शकतो, म्हणून तिकिटाआधी बघून घ्या. २०२५च्या मेपासून डिजिटल अरायव्हल कार्ड, म्हणजे येण्याआधीचा ऑनलाइन फॉर्म, भरावं लागतं, ते फुकट आहे, त्याचे पैसे कुणी मागितले तर साइट चुकीची. बँकॉकमध्ये स्वस्तात राहता येतं, विमानतळावरून रेल लिंक जास्तीत जास्त ४५ बाट, रस्त्यावरची थाळी पन्नास-साठ बाट, बाट म्हणजे पावणेतीन रुपयांच्या आसपास. पण ग्रँड पॅलेस ५०० बाट, फी फी बेटांकडचं नॅशनल पार्क ४००, शिवाय बोट. फुकेतला टॅक्सीवाल्यांचं भाड्याचं जे चालतं ते गोंयकाराला समजावून सांगायला नको, आपण ते इकडून बघतो, तिकडं गिऱ्हाईक होऊन बघायचं. बेटं नकोच असतील तर बँकॉक आणि उत्तरेला चियांग माई एवढंच करा.

आता मोसम, ह्यावर लोक फारसं बोलत नाहीत आणि पैसे इथंच जास्त वाचतात. डिसेंबरात आपल्याकडं खोलीचे रेट कुठं जातात आणि जूनमध्ये कुठं येतात हे शॅकवर काम केलेल्या कुणालाही माहीत, तिकडंही तसंच. फक्त पाऊस सगळीकडं एकदम पडत नाही. मे ते सप्टेंबरात कोलंबो-गॉलची बाजू ओली असते तेव्हा पूर्वेकडचं त्रिंकोमाली, अरुगम बे कोरडं असतं. मे ते ऑगस्ट मध्य व्हिएतनाममधलं दा नांग-होई आन कोरडं, कडक ऊन, उलट दिवाळीच्या सुट्टीत तिथं पुराचं पाणी रस्त्यावर येतं. फुकेत-क्राबीला मे ते ऑक्टोबर पाऊस, फी फीकडचा माया बे किनारा तर ऑगस्ट-सप्टेंबर बंदच ठेवतात, पण दुसऱ्या बाजूच्या कोह सामुई बेटाला त्याच दिवसांत बरं असतं. हॉटेल नाहीतर टॅक्सीच्या धंद्यात असाल आणि रजा पावसाळ्यातच मिळत असेल तर पूर्व श्रीलंका नाहीतर मध्य व्हिएतनाम. दिवाळीतच जमणार असेल तर होई आन सोडा, बँकॉक-चियांग माई बरं.

पैसे न्यायचं कसं, ह्यातही देशागणिक फरक. थायलंडच्या एटीएमवर परदेशी कार्डाला दर वेळी २२० बाट किंवा त्याहून जास्त कापतात, दोन हजार बाट काढलेत तर अकरा टक्के गेले, वीस हजार काढलेत तर एक टक्का. म्हणून थोडं थोडं काढणं हा तिथला सगळ्यात महाग उद्योग. साध्या डेबिट-क्रेडिट कार्डावर दोन ते साडेतीन टक्के मार्कअप, म्हणजे बँकेचं वरचं शुल्क, त्यावर जीएसटी, झीरो मार्कअपचं कार्ड मिळत असेल तर तेच घ्या, आणि निघण्याआधी ॲपमधून इंटरनॅशनल वापर चालू करा, तो बंदच असतो. मशीननं विचारलं रुपयात की बाटमध्ये, तर बाट, रुपया निवडलात की त्यांचा रेट लागतो. रोख न्यायची तर बाट-डाँग इथं विकत घेऊ नका, डॉलर न्या, कोरे, पेनची खूण नसलेले, चुरगळलेल्या नोटेला व्हिएतनाममध्ये नाक मुरडतात. आमच्याकडं अर्ध्या घरांत कुणी बोटीवर नाहीतर आखातात, मामाकडं डॉलर पडून असतील तर आधी तिथं विचारा. श्रीलंकेत २०२४च्या फेब्रुवारीपासून काही दुकानांत यूपीआय चालतं, बससाठी मात्र सुटे लागतातच.

पॅकेज घेऊ का असं विचाराल तर व्हिएतनामला मुळीच नको, स्वतः बुक करणं अगदी सोपं. आईबाबांना घेऊन श्रीलंकेला जात असाल तर गाडी-ड्रायव्हरचं घेतलंत तरी चालेल, पण परदेशी टूर पॅकेजवर पहिल्या रुपयापासून टीसीएस, म्हणजे एजंटानं आगाऊ कापून घ्यायचा आयकर, लागतो, तो रिटर्न भरल्यावर वळता होतो तरी पैसे तोपर्यंत अडकून राहतात, आणि एजंट सांगतो त्या 'माणशी' आकड्यात तो बऱ्याचदा धरलेला नसतो. त्याला विचारा टीसीएस आत की बाहेर, व्हिसा कुणी काढायचा, आणि मोपाहून धरून की मुंबईहून.