वन बीएचकेत आर्केड: उभं कॅबिनेट की टेबलावरचं?

घरी आर्केड, म्हणजे पूर्वी नाणं टाकून खेळायचो तसलं व्हिडिओ गेमचं यंत्र, बनवायचं तर उभं कॅबिनेट म्हणजे जवळपास ६ फुटी कपाटच. १८ मिमी एमडीएफचा (दाबलेल्या लाकडी भुशाचा) ८ बाय ४ फुटांचा एक बोर्डच ४० किलोच्या आसपास भरतो, आणि एका बोर्डात भागत नाही. सुताराकडून कापून आणलं तरी गॅलरीत पॉलिश पेपर मारला की बारीक भुसा थेट वाळत घातलेल्या कपड्यांवर. मग घरात काय ऐकावं लागतं, ते वेगळं सांगायला नको.

टेबलावरच्याला १२ मिमी प्लाय, जुना १९ इंची मॉनिटर आणि रास्पबेरी पाय (गेम चालवायला तळहाताएवढा संगणक) पुरतं. बटणांची भोकं दोन्हींत तीच, ३० मिमी. मात्र जॉयस्टिक जोरात ओढली की हे सरकतं; रबरी बूट लावावेतच. उभं ढिम्म हलत नाही, खेळायची खरी मजा त्यातच. तरी मी टेबलावरचंच घेईन: पाहुणे आले की माळ्यावर टाकता येतं.