जुन्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट: गावातल्या घरी आठ महिने वापरल्यावर

मशीन साधी आहे: दहा वर्षांपूर्वीचा आय-थ्री प्रोसेसरचा लॅपटॉप, ४ जीबी रॅम, आणि विंडोजच्या जागी लिनक्स मिंट २२ ही फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टीम, तिची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती. यवतमाळकडच्या गावात सातबारा, महाडीबीटीचे अर्ज, पोरांचा अभ्यास, पत्रं टाइप करणं एवढा रोजचा वापर. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ अशा लॅपटॉपला अधिकृतपणे चालत नाही. मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट आहेत. माझ्या मते घरच्या कामाला हे पुरतं, पण नुसती सिस्टीम बदलून लॅपटॉप पळत नाही.

जुनी हार्डडिस्क काढून २४० जीबीची एसएसडी (चिपवरची वेगवान डिस्क) टाका, खरा फरक तिथे पडतो. रॅम ८ जीबी करता आली तर करा. नाहीच झाली तर झेडरॅम-टूल्स हे पॅकेज (छोटा प्रोग्रॅम) टाका. ते रॅममधला डेटा दाबून लहान करून तिथेच ठेवतं, त्यामुळे ब्राउझरचे पाच-सहा टॅब उघडले तरी मशीन अडकत नाही.

इन्स्टॉल करताना वायफाय दिसलं नाही तर घाबरू नका. काही वायफाय कार्डांचा ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) नंतर उतरवावा लागतो, आणि तो उतरवायलाच नेट लागतं. मोबाइल केबलने जोडून यूएसबी टेदरिंग (मोबाइलचं नेट केबलने लॅपटॉपला देणं) सुरू करा, मग ड्रायव्हर मॅनेजर उघडा. मिंट आपण सांगितल्याशिवाय अपडेट ओढत नाही. रोजच्या दीड जीबीच्या पॅकवर घर चालवणाऱ्याला ही फार मोठी सोय आहे.

लाइन जाण्याचं मात्र मनावर घ्या. बॅटरी मेलेली असेल तर लाइन जाताच लॅपटॉप बंद. डिस्कची ईएक्सटी४ रचना जर्नल (चालू बदलांची नोंद) ठेवते, म्हणून सिस्टीम सहसा सावरते. पण अपडेट चालू असताना लाइन गेली तर पॅकेज अर्धवट राहतं आणि पुढचं काहीच इन्स्टॉल होत नाही. तेव्हा टर्मिनलमध्ये (कमांड टाइप करायच्या खिडकीत) डीपीकेजीला, म्हणजे पॅकेजं बसवणाऱ्या प्रोग्रॅमला, राहिलेली सगळी पॅकेजं कॉन्फिगर करायला सांगणारी कमांड द्यावी लागते: sudo dpkg --configure -a. ती आधीच वहीत लिहून ठेवा. लिब्रेऑफिस (पत्रं टाइप करायचं सॉफ्टवेअर) दर १० मिनिटांनी रिकव्हरीची प्रत ठेवतं, तिथे २ करा. सिस्टीम बिघडली तर मागे नेणाऱ्या टाइमशिफ्टचे दोन स्नॅपशॉट (सिस्टीमच्या प्रती) पुरे. त्यात घरच्या फायली मुळात धरलेल्या नसतात, त्यांची प्रत पेनड्राइव्हवर वेगळी घ्या.

मराठी टाइप करायला इन्स्क्रिप्ट आणि फोनेटिक दोन्ही लेआउट आतच आहेत. अडचण जुन्या फायलींची. कृतिदेव किंवा शिवाजीत टाइप केलेला ठराव उघडला की सगळी इंग्रजी अक्षरं दिसतात. फाइल खराब नसते. या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले असतात, आणि तो फॉन्टच मशीनमध्ये नसतो. फॉन्टची टीटीएफ फाइल होम फोल्डरमधल्या लपलेल्या फॉन्ट फोल्डरात टाका, लिब्रेऑफिस बंद करून पुन्हा उघडा, मजकूर जसाच्या तसा येतो. मजकूर युनिकोडमध्ये (कुठल्याही मशीनवर वाचता येणाऱ्या मराठीत) बदललात तर पहिली वेलांटी आणि रफार डोळ्यांखालून घाला. ‘कार्यवाही’सारख्या शब्दांत रफार हमखास सरकतो.

ज्यांच्या घरी भाव वाढायची वाट पाहत कापूस भरून असतो, त्यांनी लॅपटॉपचा पंखा वर्षातून एकदा उघडावा. हीटसिंकच्या (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या) पट्ट्यांवर कापसाच्या तंतूंचा नमद्यासारखा थर बसतो, हवा आतच कोंडते. मे महिन्यात मशीन सुस्तावली की लोक सिस्टीमला दोष देतात. आधी टर्मिनलमध्ये सेन्सर्सची (sensors) कमांड चालवून तापमान बघा. साधं टायपिंग चालू असताना ९० अंश दिसलं तर ब्रशने थर काढा, थर्मल पेस्ट (प्रोसेसर आणि हीटसिंकमधला लेप) बदला.

अंगठ्याची मशीन, डिजिटल सहीचं टोकन किंवा टॅलीवर पोट असेल तर विंडोज काढू नका, दोन्ही शेजारी ठेवा. फक्त विंडोजचं फास्ट स्टार्टअप बंद करा. ते चालू असलं की विंडोज पूर्ण बंद होत नाही, आणि मिंटमधून डी ड्राइव्हवर फाइल वाचता येते पण सेव्ह होत नाही.