देवबागच्या त्या दोन खोल्या

डिसेंबरअखेरीस देवबागला जायचं ठरलं तेव्हा तारकर्लीत सगळं भरलेलं. नकाशावर शोधता शोधता एक होमस्टे सापडला. जुने, चांगले अभिप्राय, माडांत बांधलेला झोपाळा, ताटात तळलेली सुरमई. खाली दिलेल्या नंबरवर फोन लावला. समोरचा गोड बोलायचा, पण हिंदीतच. दोन खोल्या, तीन रात्री, २१,००० रुपये, निम्मे आगाऊ. यूपीआयवर पैसे पाठवताना नाव भलत्याच माणसाचं दिसलं. विचारलं तर म्हणे, ते आमच्या अकाउंटवाल्याचं. पटलं मला!

तासाभराने पुन्हा फोन. ‘पेमेंट सिस्टीममध्ये अडकलंय. हा क्यूआर स्कॅन करून ५,००० टाका, सगळे मिळून लगेच परत येतील.’ पैसे आपल्याकडे यायचे असतील तर पिन लागत नाही, हे मी स्वतः आईला शंभरदा बजावलंय. तरी ऑफिसच्या गडबडीत पिन टाकला. १५,५०० गेले, आणि हे ‘परत’ काही आले नाहीत. ‘चेक-इनला ॲडजस्ट करू’ म्हणाला, त्यावरही विश्वास ठेवला.

कुडाळला उतरून रिक्षाने देवबाग गाठलं. घर फोटोतलंच होतं, झोपाळाही तोच. अंगणात वाळवण घालणाऱ्या काकींनी आमच्या बॅगांकडे पाहिलं आणि त्यांचा चेहराच पडला. मी मोबाइल पुढे केला. ‘हो नंबर आमचो न्हय,’ त्या म्हणाल्या. आमच्याआधी त्याच महिन्यात दोन कुटुंबं अशीच दारात आली होती.

म्हणजे घर खरं, फोटो खरे, अभिप्राय खरे. खोटा होता फक्त नंबर. नकाशावरच्या माहितीत बदल कोणालाही सुचवता येतो आणि तो कधी कधी मंजूरही होतो. काकींचा मुलगा मुंबईला, त्यांना यातलं काहीच माहीत नाही.

चहा पिताना काकींनी पहिलं काय विचारलं असेल? ‘मासे खातास मां? आज सोमवार, पाळतास काय?’ घरगुती राहायची सोय करणारी माणसं हे आधी विचारतात, कारण त्यावर बाजारहाट ठरतो. त्या भामट्याने तीन फोनमध्ये जेवणाचा विषयही काढला नव्हता. मीच सुरमईचं विचारलं, तर ‘सब आयटम मिलेगा सर’.

त्यांच्याकडे खोली नव्हती. त्यांनीच चार फोन करून मालवणात सोय लावून दिली. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार केली ती त्या संध्याकाळी, पैसे जाऊन नऊ दिवस झाल्यावर. तोवर भामट्याच्या खात्यात काही उरलेलं नव्हतं. त्याच दिवशी केली असती तर निदान रक्कम गोठवता आली असती कदाचित.

रात्री मालवणच्या खोलीत ते फोटो पुन्हा उघडले. कुणा पाहुण्याने टाकलेल्या एका फोटोत दोन मुलं गडग्याला, म्हणजे दगडी कुंपणाला, टेकून उभी आहेत. मागे चिऱ्यावर निळ्या रंगात काकींचा नंबर रंगवलेला. मोठा करून पाहिला, दहाही आकडे स्वच्छ वाचता येत होते.